सुरक्षिततेच्या आड येणारी लाज

जपानमध्ये रेल्वेगाडी चालवणारा माणूस सिग्नल दिसला की हातमोजा घातलेला हात उचलून त्याच्याकडे सरळ बोट दाखवतो आणि सिग्नल काय सांगतो आहे ते मोठ्याने उच्चारतो. केबिनमध्ये बहुतेक वेळा तो एकटाच असतो, म्हणजे ऐकायला दुसरे कोणी नसते. गाडीच्या वेगाचा काटा, वेळापत्रकाचा कागद, थांब्याची खूण या प्रत्येक गोष्टीकडे तो असेच बोट करतो आणि बोलतो. फलाटावरचे कर्मचारीही रुळांच्या कडेने हात फिरवून ‘सगळे ठीक’ अशा अर्थाचे शब्द उच्चारतात. ‘शिसा कांको’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात तिथल्या रेल्वेत सुरू झाली आणि पुढे कारखाने, बांधकामे, वीजकेंद्रे अशा ठिकाणीही पसरली. प्रथमच पाहणाऱ्याला हा प्रकार वेडगळ वाटतो. परंतु जपानच्या रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेने १९९४ साली एका साध्या कामावर केलेल्या प्रयोगात, काहीही न करता काम करणाऱ्यांच्या हातून शंभर कृतींमागे २.३८ चुका झाल्या. नुसता उच्चार केला तेव्हा हे प्रमाण १ वर आले, नुसते बोट दाखवले तेव्हा ०.७५ वर आले, आणि दोन्ही एकत्र केले तेव्हा ०.३८ वर. चुका जवळजवळ एक षष्ठांश उरल्या, आणि त्यासाठी एकही यंत्र विकत घ्यावे लागले नाही.

इतकी स्वस्त आणि इतकी परिणामकारक सवय आपल्या कारखान्यांत, इस्पितळांत आणि घरांत का रुजत नाही, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. अज्ञान हे त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर आहे आणि ते अपुरे आहे. गॅसची गळती कशी ओळखायची, चालू यंत्रात हात का घालू नये, वीजपुरवठा बंद आहे याची खात्री का करावी, हे ठाऊक नसलेली माणसे आज थोडी आहेत. ठाऊक असलेली गोष्ट चारचौघांत करून दाखवण्याची लाज हे खरे कारण आहे, असे माझे मत आहे. आणि ही लाज प्रत्येक कामगाराने, वायरमनने किंवा गृहिणीने एकट्याने जिंकावी असे म्हणणे अन्यायाचे आहे. ती दूर करण्याची जबाबदारी काम करवून घेणाऱ्याची आहे.

अशा सवयी उपयोगी का पडतात हे आधी नीट पाहिले पाहिजे, कारण त्यातच लाजेचे मूळही आहे. अपघात नवख्याच्या हातून होतो असे आपण गृहीत धरतो. नवख्याच्या चुका होतातच, पण तो घाबरत, पाहून-सवरून काम करत असतो. मुरलेल्या माणसाचे हात मात्र त्याच्या लक्षाशिवायही काम उरकतात. हजारदा हिरवा असलेला सिग्नल आजही हिरवाच असणार, असे त्याचे मन त्याच्या डोळ्यांच्या आधीच ठरवून टाकते, आणि मग डोळे पाहतात ते मनाने ठरवलेले. बोट उचलावे लागले की नजरेला त्या वस्तूवर जाऊन थांबावेच लागते. नाव उच्चारावे लागले की ‘पाहिल्यासारखे’ पाहून भागत नाही, कारण जे पाहिले नाही त्याचा रंग कसा सांगणार? शिवाय स्वतःचा आवाज स्वतःच्या कानावर पडतो आणि मन व हात यांच्यात क्षणभराचे अंतर निर्माण होते. चूक लक्षात यायला तो क्षण पुरतो. म्हणजे ही सवय सर्वाधिक गरजेची असते ती अनुभवी माणसाला, आणि तिची सर्वाधिक लाजही त्यालाच वाटते. कारण डोळे झाकून काम करता येणे हीच आपल्याकडे कसबाची खूण मानली जाते. ‘वीस वर्षे हेच काम करतोय, मला काय शिकवता’ हे वाक्य ज्याने कोणत्याही कार्यशाळेत ऐकले नसेल असा माणूस विरळा.

आपल्याला हे जमणारच नाही, आपल्या स्वभावातच ही शिस्त नाही, अशी हताश भाषा मला मान्य नाही. भारतीय रेल्वे हा त्याविरुद्धचा धडधडीत पुरावा आहे. इंजिनात लोको पायलट (गाडी चालवणारा) आणि सहायक लोको पायलट हे दोघे प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात. बहुधा हात उचलून दाखवतात आणि दुसऱ्याने ते पुन्हा उच्चारायचे असते. त्याहून मला विशेष वाटते ती प्रायव्हेट नंबरची पद्धत. दोन स्थानकांमधील व्यवहार जिथे फोनवर होतो तिथे एका स्टेशन मास्तरने गाडीसाठी लाइन क्लिअर, म्हणजे गाडी पुढे सोडण्याची संमती, मागितले की दुसऱ्याने नुसते ‘हो’ म्हणून चालत नाही. त्याच्यासमोरच्या छापील तक्त्यातला पुढचा दोन अंकी आकडा तो सांगतो, मागणारा तो आपल्या वहीत नोंदवतो आणि वापरलेला आकडा तक्त्यावर खोडला जातो. आकडे क्रमाने दिलेले नसतात, त्यामुळे पुढचा आकडा अंदाजाने सांगता येत नाही. फाटकावरचा माणूसही फाटक बंद केल्याची हमी स्टेशन मास्तरला असाच आकडा देऊन देतो. ‘हो’ हा शब्द झोपेतल्या माणसाच्या तोंडूनही निघतो. आकडा सांगायला तक्ता हातात घ्यावा लागतो, ओळ शोधावी लागते, पेन उचलावे लागते. ज्याने हे सारे केले त्याने आपण काय कबूल करतो आहोत याचा विचार केलेला असण्याची शक्यता पुष्कळ वाढते. वरवर निरर्थक दिसणाऱ्या या आकड्यामागे किती खोल समज आहे, याचे मला दरवेळी नवल वाटते.

रेल्वेत या पद्धतीला कोणी हसत नाही, आणि त्याची कारणे उघड आहेत. ती सर्वांसाठी आहे. ती नियमात आहे. तिला लागणारा वेळ कामाचाच वेळ मानला जातो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इंजिनातला कनिष्ठ सहायक ज्येष्ठ पायलटला सिग्नल मोठ्याने सांगतो तेव्हा तो ज्येष्ठाचा अवमान समजला जात नाही. दोघांपैकी कोण अधिक शहाणा हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. लाज ही सामाजिक गोष्ट असल्यामुळे ती घालवण्याचा उपायही सामाजिकच असावा लागतो. एका माणसाने केले तर ते हसण्यावारी जाते, सगळ्यांनी केले तर ते काम होते. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने हेच केले. फलाटाच्या मध्याशी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची फळी लावली आणि १९९६ पासून प्रत्येक कंडक्टरने दारे उघडण्यापूर्वी तिच्याकडे बोट दाखवणे सक्तीचे केले. गाडी पूर्ण फलाटाला लागली आहे की नाही, हे त्यामुळे पाहिल्यावाचून राहत नाही.

याउलट आपल्या उद्योगांत काय दिसते? राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झाली, तिचे मुख्यालय आपल्याच नवी मुंबईत आहे, आणि दरवर्षी ४ मार्चला कारखान्या-कारखान्यांत सुरक्षा दिन होतो. कामगार व अधिकारी रांगेत उभे राहतात, हात पुढे करून सुरक्षेची शपथ एका आवाजात म्हणतात. या उपक्रमाचे महत्त्व मला कमी लेखायचे नाही; त्यामुळे निदान एक दिवस विषय सर्वांच्या मनात येतो. पण एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. वर्षातून एकदा शेकडो जणांसोबत हात पुढे करून मोठ्याने बोलायला कोणालाच संकोच वाटत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर एकट्याने व्हॉल्व्हकडे बोट दाखवून ‘बंद’ असे म्हणायला मात्र वाटतो. हात आणि आवाज दोन्ही उपलब्ध आहेत. ते ज्या क्षणी हवेत त्या क्षणी वापरण्याची मोकळीक नाही.

विजेच्या कामाचे उदाहरण घेऊ. चांगला वायरमन बंद केलेली लाइन टेस्टरने तपासतो, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याहून चांगला वायरमन आधी तोच टेस्टर चालू लाइनवर लावून तो चालतो आहे हे पाहतो, मग बंद लाइन तपासतो, आणि मग पुन्हा एकदा चालू लाइनवर लावून टेस्टर मधल्या काळात बिघडला नाही याची खात्री करतो. पाहणाऱ्याला हा संशयाचा अतिरेक वाटेल, पण बिघडलेला टेस्टर आणि बंद लाइन यांच्यातला फरक दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळत नाही. पुढे तो तारांना अर्थिंग करतो, म्हणजे त्या जमिनीशी जोडतो, कारण मुख्य पुरवठा बंद असला तरी कोणाच्या तरी घरातील इन्व्हर्टर किंवा दुकानातील जनरेटर चुकीच्या जोडणीमुळे उलट दिशेने वीज पाठवू शकतो. कारखान्यात दुरुस्तीला उतरणारा फिटर मेन स्विचला स्वतःचे कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. चार जण काम करत असतील तर चार कुलपे लागतात आणि चौथे निघाल्याशिवाय यंत्र चालू होत नाही. यातली एकही गोष्ट नवीन किंवा महाग नाही. तरीही लहान कार्यशाळांत असे करणाऱ्याला ‘एवढा काय घाबरतोस’ हा प्रश्न ऐकावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो सहकाऱ्याकडून नव्हे तर उत्पादन खोळंबले म्हणून अस्वस्थ झालेल्या सुपरवायझरकडून येतो. त्या एका प्रश्नाने माणसाच्या मनावर जेवढा परिणाम होतो तेवढा भिंतीवरच्या दहा फलकांनी होत नाही.

नुसती सक्ती केली की काम झाले, असे मात्र नाही, आणि याचा सर्वांत बोलका धडा शस्त्रक्रियागृहातून मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी-यादी जाहीर केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी, असे तीन वेळा थांबून सर्वांनी मोठ्याने बोलायचे: हा रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणत्या बाजूची, कापसाचे बोळे आणि उपकरणे मोजून बरोबर आहेत का. त्यात एक विचित्र वाटणारी अट होती, ती म्हणजे खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. रोज एकत्र काम करणाऱ्यांनी एकमेकांना नाव सांगायचे, हे अनेक शल्यविशारदांना पोरकट वाटले. पण ज्याने सुरुवातीला एकदा तोंड उघडले आहे, तो पुढे काही चुकत असल्याचे दिसले तर पुन्हा बोलण्याची शक्यता वाढते, असा त्यामागचा विचार होता. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील इस्पितळांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि मोठ्या गुंतागुंतींचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. पुढे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने अशीच यादी शंभराहून अधिक इस्पितळांत सक्तीची केली, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. यादी त्याच धर्तीची होती. त्या अपयशाची कारणे तज्ज्ञांनी वेगवेगळी सांगितली आहेत. मला त्यातून एवढेच निश्चित दिसते की कागदावर खूण करणे आणि थांबून, एकमेकांकडे पाहून बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फर्मानाने पहिलीच मिळते. दुसरी मिळवायची तर खोलीतील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने आधी थांबावे लागते.

या मांडणीवरचा एक आक्षेप मला अत्यंत गंभीर वाटतो. सवयींवर भर दिला की मालकाची जबाबदारी कामगाराच्या अंगावर ढकलली जाते; अपघात झाला की ‘त्याने बोट दाखवले नाही’ असे म्हणून हात झटकता येतात. ही भीती खरी आहे. पुण्याच्या परिसरात, चाकण-भोसरीसारख्या पट्ट्यात, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत पॉवर प्रेसखाली, म्हणजे धातूचा पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्राखाली, बोटे जाण्याचे अपघात होत आले आहेत. तिथे पहिला उपाय सवय हा नाहीच. फिरत्या आणि दाबणाऱ्या भागांना संरक्षक आवरण असलेच पाहिजे, असे कारखाने अधिनियम, १९४८ चे कलम २१ सांगत आले होते; त्या कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या श्रम संहितेने घेतली. दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही अशी रचना जगभर वापरात आहे, म्हणजे हात आत राहण्याचा प्रश्नच उरत नाही. नगावर मजुरी आणि वरून घाई असली की यातले एक बटण कायमचे दाबून ठेवले जाते, आणि ते कोणाच्या संमतीने, हे त्या शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ज्या यंत्राला आवरण नाही त्याच्यासमोर उभे करून कामगाराला दक्षतेचे धडे देणे हे अनैतिक आहे. धोका काढून टाकणे शक्य असेल तर काढावा, नाही तर त्याला आवरण घालावे, आणि त्यानंतरही जो उरतो त्यासाठी सवय. हा क्रम उलटा करण्याची मुभा कोणालाही असता कामा नये.

सवयीला आणखी एक मर्यादा आहे: ती ज्या धोक्यासाठी जन्मली त्याच धोक्यापुरती खरी असते. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्याची पेवे प्रसिद्ध आहेत. जमिनीत खोल खणलेल्या आणि तोंड बंद केलेल्या पेवात प्राणवायू कमी होतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि म्हणूनच हळदीला कीड लागत नाही. पण त्याच कारणाने घाईने आत उतरणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. म्हणून पेव उघडल्यावर काही तास तसेच ठेवायचे आणि मग कंदील आत सोडून तो जळत राहतो की नाही ते पाहायचे, ही जाणत्या लोकांची रीत. जुन्या आडा-विहिरींसाठीही खेडोपाडी हेच करत. ही पूर्वजांची शहाणी सवय आहे आणि पेवाच्या बाबतीत तिचा तर्क अचूक आहे. परंतु तीच सवय मैल्याच्या टाकीवर किंवा गटाराच्या चेंबरवर वापरली तर ती माणूस मारील. तिथे हायड्रोजन सल्फाइड असतो, जो ज्योत न विझवताही माणसाला बेशुद्ध करतो आणि मोठ्या प्रमाणात असला तर नाकाची वास ओळखण्याची शक्तीच बधिर करतो. तिथे मिथेनही असतो, जो ज्योतीने पेट घेतो. तिथे वायुमापकच लागतो.

याच कामातली एक सवय मला सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाची वाटते. बंदिस्त जागेत कोणी उतरले की तोंडाशी थांबणाऱ्या माणसाचे पहिले कर्तव्य, काहीही झाले तरी स्वतः आत न उतरणे हे असते. त्याने दोरी ओढायची, यंत्राने वर खेचायचे, अग्निशमन दलाला बोलवायचे. पण उतरायचे नाही. अशा दुर्घटनांत पहिल्या माणसाला वाचवायला गेलेला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला गेलेला तिसरा दगावल्याच्या बातम्या आपण कितीदा वाचतो! आत पडलेला बहुधा भाऊ असतो, मुलगा असतो, गाववाला असतो. त्या क्षणी न उतरणे हे भित्रेपणाचे, निर्दयपणाचे वाटते, आणि म्हणूनच तो निर्णय त्या क्षणावर सोडता येत नाही. काम सुरू होण्यापूर्वी, सर्वांसमक्ष, बाहेर थांबणाऱ्याने ‘मी आत उतरणार नाही’ असे मोठ्याने म्हणावे आणि उतरणाऱ्याने ते ऐकावे, ही पद्धत मला आवश्यक वाटते. मग न उतरणे हा त्याने दिलेला शब्द पाळणे ठरते.

घराविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण तिथे तर्क तोच आहे. सकाळी स्वयंपाकघरात शिरताना दिव्याच्या बटणाकडे हात जाण्याआधी क्षणभर थांबून वास घ्यावा. सिलिंडरमधल्या घरगुती गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते, आणि हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे रात्रभरात जमिनीलगत साचतो. वास आला तर कोणतेही बटण चालू किंवा बंद न करता आधी खिडक्या-दारे उघडायची. घराबाहेर पडताना रेग्युलेटरला हात लावून ‘गॅस बंद’ असे म्हणावे. अर्ध्या रस्त्यातून मनात येणारी ‘बंद केला होता ना?’ ही शंका त्यामुळे येत नाही, कारण न बोलता केलेली कृती आठवत नाही, पण स्वतःचा आवाज आठवतो. गाडीचे उजवे दार डाव्या हाताने उघडावे, म्हणजे खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारा दुचाकीस्वार दिसतो. आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहने चालवणाऱ्या ब्रिटनने हा सल्ला जानेवारी २०२२ मध्ये आपल्या वाहतूक नियमावलीत घातला. पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात वाहन परवान्याच्या चाचणीत याची तपासणी व्हायला काय हरकत आहे? परीक्षकाने उमेदवाराला गाडीतून उतरताना पाहिले तरी पुरे.

सरकारने काय करावे याची यादी लांबवता येईल, पण लाज कमी करण्याची पहिली संधी काम देणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आहे, आणि शहरांतील गृहनिर्माण संस्था या अशा काम देणाऱ्यांत फार मोठ्या संख्येने आहेत. हाताने मैला सफाईस प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा गटारांची आणि मैल्याच्या टाक्यांची धोकादायक सफाई करवून घेण्यास मनाई करतो, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला द्यायची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली आहे. तरी दरपत्रके मागवताना संस्थांच्या बैठकीत चर्चा होते ती सर्वांत कमी आकड्याची. मैल्याच्या टाकीचे काम यंत्रानेच करणाऱ्याला द्यावे. पाण्याच्या भूमिगत टाकीसारख्या ज्या बंदिस्त जागेत माणसाने उतरणे टळत नाही, त्या कामाच्या दरपत्रकात वायुमापकाने तपासणी, पंख्याने हवा खेळवण्याचा वेळ, आणि फक्त बाहेर थांबणाऱ्या माणसाची मजुरी या तीन ओळी स्वतंत्रपणे लिहिलेल्या असाव्यात, त्यांचे पैसे घासाघीस न करता द्यावेत, आणि त्या नसतील तर दरपत्रक परत करावे. कामाच्या दिवशी सचिवाने किंवा समितीच्या एखाद्या सदस्याने टाकीपाशी जाऊन, वायुमापकावरचा आकडा आधी स्वतः मोठ्याने वाचावा, म्हणजे त्यानंतर तो वाचणाऱ्या कामगाराला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.